आतल्या चिपला कुंकू

पंखा उचलला आणि त्याच्याखाली कुंकू दिसलं.

प्रोसेसरवरचा पंखा. कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारी जी चिप असते, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर पंखा. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये पांढऱ्या पेस्टचा पातळ थर द्यायचा, म्हणजे चिपची उष्णता वर निघून जाते. तो थर मी स्वतःच्या हाताने दिला होता. आता तिथे हळद, कुंकू आणि पेस्ट यांचा भाजून कडक झालेला लगदा होता. दुसरं मशीन उघडलं, तेच. तिसऱ्यात तर चिपचा एक कोपराच उडालेला.

"जळलं न्हवं?" मागून आप्पा इंगवले म्हणाले. "सगळी खोलीच बंद पडली बघ. पुण्याचा कारखाना ड्रॉइंग मागतोय आणि माझी पोरं हातावर हात धरून बसल्यात."

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आप्पांची फाउंड्री होती. मोटारींचे ओतीव भाग करायचे. ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर हवीत असा गिऱ्हाइकांचा हट्ट सुरू झाला, तेव्हा आप्पांनी डिझाइनसाठी एक काचेची खोली बांधली आणि तिच्यातली सगळी मशीनं राजारामपुरीतल्या माझ्या दुकानातून घेतली. या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली.

तेव्हा आमच्या बाजाराच्या लेखी प्रोसेसर करणाऱ्या कंपन्या दोनच. आम्ही दुकानदार त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरलीची जाहिरात टीव्हीवर लागायची, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही थोरलीचं नाव ठाऊक असायचं. धाकटीची चिप स्वस्त होती आणि ड्रॉइंगच्या कामाला चक्क जलद होती. मी दोन्ही शेजारी शेजारी चालवून पाहिल्या होत्या. पण कोल्हापुरात धाकटी उघडपणे विकणारी मी एकटीच. बाकीचे विकत नव्हते, कारण जिल्ह्यात थोरलीचा माल ज्या एका माणसाच्या हातून यायचा त्या जयवंत नेर्लेकरला ते खपत नव्हतं. ज्याच्या फळीवर धाकटीचा एक खोका दिसेल त्याला नेर्लेकर दिवाळीत सांगायचा, "माल संपला हो." आणि दिवाळीत माल संपला की दुकानदार संपला.

आप्पांच्या अजून दोन शेडमध्ये मशीनं बसायची होती. शिरोलीतले निम्मे कारखानदार आप्पांकडे बघून खरेदी करायचे. धाकटीच्या पुण्याच्या माणसाने मला शब्द दिला होता, की इंगवल्यांची ही ऑर्डर मिळवा, जिल्ह्याची एजन्सी तुमची. ती मिळाली तर मला आयुष्यात पुन्हा नेर्लेकरच्या दारात जावं लागणार नव्हतं. नाही मिळाली तर त्याचंच दार होतं.

"आप्पा, ही मशीनं कुणी उघडली?"

"उघडली म्हंजे? खंडेनवमीला उघडली. पूजा नको?"

"पूजा झाकणावर करतात."

आप्पा हसले. "ते तुमच्या दुकानात. आमच्या फाउंड्रीत जे काम करतं त्याला कुंकू लावायचं. लेथ असला तर त्याच्या फिरत्या चकला, भट्टी असली तर तोंडाला. पत्र्याला कुंकू लावून काय उपेग? आक्कानं इचारलं, ह्या डब्यात काम कोण करतं? मग उघडून दाखवलं."

आक्का म्हणजे आप्पांची आई. ऐंशीच्या पुढची, वाकलेली. सगळ्या फाउंड्रीच्या यंत्रांना खंडेनवमीचं पहिलं कुंकू तिच्या हातचं.

"झाकण काढलं तरी चिप दिसत नाही, आप्पा. वर पंखा असतो. तो खाली दाबलेल्या क्लिपमध्ये अडकवलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर लावून, नेमक्या जागी जोर दिल्याशिवाय निघत नाही. तुमच्या माणसांना ते जमणार नाही."

"आमच्या माणसांनी कशाला काढायचं? नेर्लेकर आलेते की पूजेला. मानाची सुपारी दिलीती त्यांना. आक्काचं ऐकलं आणि म्हणाले, मी देतो काढून, आपल्याच हातातली विद्या आहे. एकेक पंखा काढला, आक्कानं कुंकू लावलं, यांनी परत बसवला. तासभर मान मोडून बसलाता माणूस. कोण करतंय एवढं?"

मी खुर्चीवर बसले. धाकटीची चिप उघडी असायची. थोरलीच्या चिपला असतं तसं धातूचं टोपण तिला नव्हतं. तिच्यावर ठोकळा जरा वाकडा दाबला की कोपरा उडतो आणि मध्ये भुकटी अडकली की ती स्वतःच्याच उष्णतेने मरते. हे बाजारात ज्यांना माहीत होतं त्यात नेर्लेकर पहिला. गेलं वर्षभर तोच तर सगळीकडे सांगत फिरत होता, धाकटी तापते, धाकटी तापते.

"आप्पा, त्या कुंकवामुळे..." मी सुरुवात केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

"काय त्या कुंकवामुळं?"

"काही नाही. मी मशीनं दुकानात नेऊन बघते."

"बघ. पण एक सांगतो. रविवारी नेर्लेकरांची दुकानदारांची सभा आहे. मला बोलवलंय, चार शब्द बोला म्हणाले. बाकीच्या शेडचं काय करायचं ते मी तवाच ठरवणार. तुझ्यावर माझा राग न्हाई, लेकी. पण माल तापट निघाला."

तिथून मी दुकानात न जाता सरळ शाहूपुरीत नेर्लेकरच्या ऑफिसात गेले. नेर्लेकर हा गोरा, गुळगुळीत, अत्तर लावणारा माणूस. तो हसला की मला आपली पर्स जागेवर आहे ना ते बघावंसं वाटायचं. मी कोपरा उडालेली, कुंकवाने माखलेली चिप त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे तुम्ही केलंत."

त्याने चिप उचलली, उजेडात धरली, पुन्हा ठेवली. "बसा की, वहिनी. चहा सांगू?"

"चहा नको. मुद्दाम केलंत."

"म्हातारीची इच्छा होती. मी नाही म्हणायला पाहिजे होतं का? तुम्ही असता तर म्हणाला असता?"

"मी असते तर पंख्यावर कुंकू लावायला लावलं असतं आणि म्हातारीचं समाधान केलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं काय होणार ते."

"होतं ना." इतक्या सहज बोलला की मला क्षणभर कळलंच नाही. "मला ठाऊक होतं, आता तुम्हाला ठाऊक आहे. जा आणि सांगा बाजारात. इंगवल्यांच्या आक्कांच्या हातच्या कुंकवाने मशीनं जळली, असं सांगा. खंडेनवमीच्या पूजेने खोली बंद पडली, असं सांगा. बघू कोल्हापुरात किती लोक ऐकून घेतात तुमचं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याने माझी गत करून ठेवली होती आणि ते त्याला चांगलं माहीत होतं.

"वहिनी, रागावू नका. मी तुमच्या वाईटावर नाही. रविवारी या. 'फक्त थोरली' असा बोर्ड देतोय आम्ही. दुकानावर बोर्ड लावायचा, दुसरा माल ठेवायचा नाही. माल सगळ्यांच्या आधी, दर सगळ्यांपेक्षा कमी. रणधीरशी माझं बोलणं झालंय."

रणधीर म्हणजे माझा दीर. दुकानात त्याची निम्मी भागी.

"कधी झालं बोलणं?"

"तुम्ही घरी विचारा," नेर्लेकर म्हणाला आणि पुन्हा हसला.

घरी विचारलं. रणधीर जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "हो, झालं. लपवलं नाही, सांगणारच होतो."

"कुंकवाचं पण सांगितलं त्याने तुला?"

"ते नाही सांगितलं." तो खरं बोलत होता. रणधीर भित्रा होता, लबाड नव्हता. "पण वहिनी, सांगितलं असतं तरी काय फरक पडला असता? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा कुठला, मगर आहे ती."

"मग तर मुळीच करू नये. दिवाळी तोंडावर आली. दुकानात थोरलीची एक चिप नाही. लोक येतात, थोरली आहे का विचारतात आणि समोरच्या दुकानात जातात. तुम्ही त्यांना धाकटी कशी भारी आहे ते समजावून सांगता. लोकांना समजून घ्यायला वेळ नसतो."

"रविवारपर्यंत गप्प बस," मी म्हणाले. "आप्पांची ऑर्डर मिळाली तर तुझा तो बोर्ड नेर्लेकरच्या गळ्यात अडकव."

"आणि नाही मिळाली तर?"

त्याने ताट सरकवलं आणि हात धुवायला गेला.

रविवारी स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये अख्खा जिल्हा जमला होता. इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज, सगळीकडचे दुकानदार. त्यांत बाई मी एकटी. स्टेजवर थोरलीचा मुंबईहून आलेला साहेब, शेजारी आप्पा इंगवले फेट्यात, आणि हातात माइक घेतलेला नेर्लेकर. बाजूला समई पेटवलेली, तिच्यापुढे हळदकुंकवाचं ताट. मध्ये टेबलावर थोरलीचं नवं मशीन सुरू होतं. आतला भाग सगळ्यांना दिसावा म्हणून त्याचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. रणधीर माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसला होता.

मुंबईच्या साहेबाचं भाषण झालं. मग नेर्लेकरने आप्पांना उभं केलं.

आप्पा माइकसमोर अवघडले. "मी काय बोलणार? मला लोखंड कळतंय. ह्या चिपा मला कळत न्हाईत. ह्या समोरच्या सरनोबत बाईंनी मशीनं दिली, बाई प्रामाणिक आहेत. पण माल तापट. खंडेनवमीला पूजा केली आणि दसऱ्याचं सोनं लुटून परत कामाला लागलो, तर सगळी जळली. आपला अनुभव तेवढा सांगितला."

हॉलमध्ये कुजबुज झाली. माझ्याकडे वळून बघणारे चेहरे मला अजून आठवतात. कुणाला कीव आली होती, कुणाला मजा वाटत होती. नेर्लेकर म्हणाला, "यावर मी काही बोलत नाही. आप्पांच्या अनुभवापुढे मी काय बोलणार?"

मी उठले. काय करायचं ते ठरवून आले नव्हते, पण स्टेजकडे चालताना ते समईपुढचं ताट दिसलं आणि सगळं आपोआप ठरलं.

"मला पण एक मान द्या," मी म्हणाले. "कंपनीचं नवं मशीन गावात आलंय. त्याला अजून कुणी कुंकू लावलेलं नाही."

नेर्लेकरला वाटलं मी शरण आले. मोठेपणाने म्हणाला, "या ना, वहिनी. लावा की."

मी ताट उचललं आणि टेबलापाशी गेले. "आप्पा, तुमच्याकडे कशाला कुंकू लावतात म्हणालात? पत्र्याला?"

"न्हाई. जे काम करतं त्याला."

"मग आपणही तसंच करू. नेर्लेकर, पंखा काढून द्या. इंगवल्यांकडे दिला होतात तसा."

नेर्लेकरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता नुसतं चिकटलेलं होतं. "मशीन सुरू आहे, वहिनी."

"बरं, राहू दे. पंख्याच्या वरून सोडते. आत जाईल तेवढं जाईल." मी मूठभर कुंकू घेतलं आणि उघड्या बाजूने हात आत नेला.

त्याने माझं मनगट धरलं. जोरात धरलं. दुसऱ्या हातातला माइक तोंडापाशीच होता.

"अहो बाई, काय करताय? आत कुंकू गेलं तर मशीन खलास होईल."

हॉलच्या चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ते वाक्य गेलं. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं असणार.

मी मूठ ताटात रिकामी केली. त्याने माझं मनगट सोडलं.

आप्पा खुर्चीतून सावकाश उठले. "खलास होतं?"

"तसं नाही, आप्पा. म्हणजे..."

"आत कुंकू गेलं तर मशीन खलास होतं. मग माझ्या म्हाताऱ्या आईपुढं एकेक पंखा काढून धरलासा, तवा ठाऊक नव्हतं व्हय तुम्हाला?"

"श्रद्धेचा विषय होता, आप्पा. मी मध्ये कसं बोलणार?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. बघता बघता हॉल हसायला लागला. जे वर्षानुवर्षं नेर्लेकरला भिऊन होते ते लोक खुर्चीचे हात बडवून हसत होते. जयसिंगपूरचा एक दुकानदार डोळे पुसत होता. मला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली बघत राहिले. जिंकले, असं मला वाटलं. अगदी स्वच्छ वाटलं.

मुंबईचा साहेब तेवढा हसला नव्हता. त्याने सगळं होऊ दिलं. मग नेर्लेकरच्या हातातला माइक काढून घेतला आणि मोडक्यातोडक्या मराठीत शांतपणे म्हणाला, "जेवणाच्या आधी बोर्डाचं काम करून घेऊ. ज्यांना पाहिजे त्यांनी डाव्या बाजूला यावं. दिवाळीचा माल उद्यापासून निघेल. बोर्डवाल्यांना पहिला."

बस, एवढंच. कुंकवाबद्दल एक अक्षर नाही, नेर्लेकरबद्दल नाही, धाकटीबद्दल नाही.

आणि रांग लागली. अजून काहींचं हसू पुरतं थांबलंही नव्हतं. डोळे पुसणारा जयसिंगपूरचा माणूस तिसरा उभा होता. माझ्या जवळून जाताना म्हणाला, "काय खेचलीत हो त्याची, वहिनी, मानलं तुम्हाला," आणि पुढे सरकला. त्याच्या मागे आणखी दोघं, त्यांच्या मागे रणधीर. रणधीरने माझ्याकडे पाहिलं नाही. नेर्लेकर प्रत्येकाच्या हातात बोर्ड देत होता, प्रत्येकाशी हात मिळवत होता आणि प्रत्येकजण तो हात घेत होता.

मी बाहेर आले. आप्पांची जीप पार्किंगमध्ये होती आणि आप्पा तिला टेकून उभे होते. माझीच वाट बघत होते. माझ्या मनात आलं, बाकीचे गेले खड्ड्यात, हा माणूस आहे ना.

"आप्पा, मी तुम्हाला त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. आक्कांमुळे धीर झाला नाही."

"बरं केलंस न्हाई सांगितलंस ते. मी ऐकलं नसतं." त्यांनी फेटा काढून बॉनेटवर ठेवला. "तुझा माल चांगला होता. ते मला आता पटलं. शंभर टक्के पटलं."

"मग बाकीच्या शेडची मशीनं कधी बसवू?"

आप्पांनी फेटा पुन्हा उचलला. "ती थोरलीची घेणार मी. नेर्लेकरकडनं."

मला वाटलं ते थट्टा करतायत. "त्याने तुमच्या आईच्या हाताने तुमचं नुकसान केलं, आप्पा. तुमच्याच घरात येऊन, मानाची सुपारी घेऊन."

"व्हय. आणि मला पत्ता लागला न्हाई. तेच तर सांगतोय. उद्या आणि येईल, दुसरं काय तरी करंल, तवाही लागायचा न्हाई. माझ्या डोक्यावर पुण्याचा कारखाना बसलाय. मला कुणाची चिप जलद चालते ते बघायचं न्हाई. ज्या मालाचा वैरी माझ्या आईच्या ताटापर्यंत पोचतो, तो माल मी दारात कशाला ठेवू?"

"आणि त्या वैऱ्यालाच घरात घेणार?"

"घेणार. त्याची मशीनं माझ्याकडं असली तर ती चालती ठेवायची गरज त्याची. जाळणाऱ्यालाच राखणीला ठेवायचं, लेकी. आमच्या आज्जाकडनं चालत आलेली रीत हाय ही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तू खरी होतीस. पण खरं असून भागत न्हाई, त्याला कुणीतरी भ्यायला लागतंय. तुला कोण भितंय?"

मला त्यांचा इतका राग आला की नेर्लेकरचाही कधी तेवढा आला नव्हता. नेर्लेकरने मला फसवलं होतं. आप्पा मला फसवत नव्हते. त्यांना सगळं कळलं होतं, आतल्या त्या सगळ्या हसणाऱ्यांनाही कळलं होतं. मी वर्षभर जीव तोडून लोकांना धाकटीचं खरं समजावून सांगत होते आणि ते कुणाला नको होतं. जीप निघून गेली तरी मी तिथेच उभी होते.

रणधीर बोर्ड घेऊन बाहेर आला. कंपनीचं नाव असलेला, लखलखीत, दाराएवढा लांब. त्याने स्कूटर काढली, बोर्ड पुढे अडकवून पाहिला, हँडल वळेना. आडवा धरून पाहिला, तोही जमेना.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "मागे बसून जरा धरता?"

मी मागे बसले. एका हातात तो मावत नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी धरला. स्टेशन रोडपासून राजारामपुरीपर्यंत वाऱ्याने तो सारखा वळत होता आणि मी तो पडू नये म्हणून छातीशी घट्ट आवळून बसले होते.